छायाचित्रासाठी आवरलेले घर

विकावयाच्या घराचे छायाचित्र निघण्यापूर्वी त्या घरातील माणसांना एक चमत्कारिक सकाळ काढावी लागते. मुंबईत दादर-माटुंग्याच्या बाजूला एखाद्या जुन्या इमारतीतील दोन खोल्यांचे घर डोळ्यांपुढे आणावे. दलालाने आदल्या दिवशीच सांगून ठेवलेले असते : दाराबाहेरच्या चपला उचला, फ्रिजवरची औषधे हलवा, दोरीवरचे कपडे आणि भिंतीवरचे कॅलेंडर काढा, पडदे सारा, भर दिवसाही सगळे दिवे लावा. मग जरा घुटमळून तो म्हणतो, जमल्यास तो हार घातलेला फोटोही तेवढ्यापुरता खाली घ्यावा. घरातील वृद्ध स्त्री फोटो उतरवते. मागे भिंतीचा मूळ रंग जपून राहिलेला एक चौकोन दिसू लागतो. छायाचित्रकाराला तोही नको असतो. त्याच खिळ्यावर घड्याळ टांगले जाते.

ह्याला असत्य म्हणावे काय? पाहुणे येणार म्हणून घर आवरणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही. तथापि वधूपरीक्षेच्या प्रथेत मुरलेल्या समाजाला ‘दाखवणे’ ह्या क्रियापदातील गफलत नव्याने सांगावयास नको. दाखवणाऱ्याच्या मनात, काय दाखवावयाचे नाही, ह्याची यादी आधी तयार असते.

हा प्रश्न जुना आहे. इ. स. पू. ४४ मध्ये सिसेरोने कर्तव्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात पिथिअस नावाच्या सिरॅक्यूजच्या सावकाराची गोष्ट सांगितली आहे. कॅनिअस नावाच्या एका रोमन गृहस्थास तेथे बागेची जागा घ्यावयाची होती. पिथिअसने कोळ्यांना बोलावून, उद्या माझ्या बागेसमोरच मासे धरा, असे सांगितले आणि कॅनिअसला जेवावयास बोलावले. समोर होड्यांची गर्दी. जो तो आपली मासळी आणून यजमानाच्या पायाशी टाकतो आहे. पाहुण्याने मागेल ती किंमत दिली. दुसऱ्या दिवशी एकही होडी दिसेना, तेव्हा, आज कोळ्यांचा सण आहे काय, असे त्याने शेजाऱ्याला विचारले. शेजारी म्हणाला, इथे कोणी मासे धरीतच नाही. कालचा प्रकार पाहून मीच चकित झालो होतो.

पिथिअसचा अपराध उघड आहे. त्याने नसलेले दाखवले. आजच्या रुंद भिंगाच्या कॅमेऱ्यातही त्याचा थोडा अंश आहे. कोपऱ्यातून टिपलेली दहा फूट बाय बारा फुटांची खोली त्यात दिवाणखान्यासारखी ऐसपैस भासते. परंतु खरेदीदार प्रत्यक्ष येऊन उभा राहिला की हा भ्रम क्षणात ओसरतो. तो फार काळ टिकावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. अवघड प्रकरण निराळे आहे, आणि तेही सिसेरोने मांडले आहे : घरातील दोष मालकालाच तेवढे ठाऊक आहेत. तो गप्प राहिला तर? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे; घ्या म्हणून कोणी बळजबरी केली नाही. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, हे वाटसरूला चुकीच्या रस्त्याला लावण्यासारखेच आहे. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूने पडतो. आपल्याकडील १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियमही त्याच बाजूचा आहे. त्याच्या ५५ व्या कलमानुसार, एरवी वेगळा करार नसेल तर, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला सामान्य दक्षतेने कळू न शकणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे कपट ठरते.

आता पुन्हा त्या दादरच्या घरात यावे. आतल्या खोलीच्या एका भिंतीवर वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून पाणी झिरपते. ओल जूनमध्ये उमटते आणि छायाचित्रे मार्चमध्ये काढली जात आहेत. रंगाचे पापुद्रे तेवढे सुटले आहेत, म्हणून लोखंडी कपाट तिथे सरकवले आहे. ज्या हातांनी फोटो उतरवला, त्याच हातांनी, त्याच सकाळी, ‘आवराआवर’ ह्या एकाच नावाखाली. विक्रीच्या पैशांतून त्या स्त्रीला मुलाच्या गावी लहानशी जागा घ्यावयाची आहे. ओलीचा उल्लेख झाला तर किंमत किती उतरेल, ह्याचा हिशेब तिने मनोमन केलेला आहे. तिला कपटी म्हणणे जड जाते. घेणारे कुटुंबही आयुष्याची पुंजीच घालणार आहे, हे विसरणे त्याहून जड.

फोटोचा न्याय वेगळा आहे. त्या भिंतीवर कोण होते, हे जाणण्याचा खरेदीदाराला कसलाच अधिकार नाही. किंबहुना देव्हारा, तोरण, आडनावाची पाटी हे सारे चौकटीबाहेर गेले म्हणजे निदान चित्रात तरी ते घर कोणत्याही जातीधर्माच्या माणसाला खुले होते. (पहिल्याच दूरध्वनीवर आडनाव विचारले जाते आणि ते दार पुन्हा लोटले जाते, ही गोष्ट अलाहिदा.) त्या रिकाम्या भिंतीमुळे नुकसान कोणाचे होत असेल तर ते तिचेच. संध्याकाळी छायाचित्रे पाहताना ती आपल्याच खोलीत परक्यासारखी डोकावते, आणि घर जाण्यास सुरुवात झाली हे तिला करारापूर्वीच उमगते.

रात्री घड्याळ उतरते आणि फोटो आपल्या खिळ्यावर परत जातो. कपाट सरकवावयास मात्र दोन माणसे लागतात, आणि दलाल केव्हाच निघून गेलेला असतो.