भरपाई नेमकी कुणाची?

वर्सोवा ते भाईंदर सागरी मार्गासाठी ४५ हजारांहून जास्त तिवरं बाधित होणार आहेत. डिसेंबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी पालिकेला परवानगी दिली. बदल्यात नवी तिवरं लावू, शिवाय चंद्रपूर जिल्ह्यात शंभरेक हेक्टरवर झाडं लावू, असं पालिका म्हणते. म्हणजे हिशेब मिटला?

भरपाई हा शब्द आपण उधारीतून उचललाय. मी तुमची पाचशेची नोट घेतली आणि दुसरी परत दिली, तर तक्रारीला जागा उरत नाही. पण इथे दोन गोष्टी गृहीत असतात. घेतलेलं आणि दिलेलं सारखं आहे, आणि ज्याच्याकडून घेतलं त्यालाच ते परत मिळालं. खाडीच्या बाबतीत दोन्ही कोसळतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एक सर्व्हर बंद करून दुसऱ्या शहरात तसाच उभा करता येतो, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. खाडीचं तसं नाही, कारण ती जिथे आहे तिथे असणं हेच तिचं काम आहे. तिथे भरतीचं खारं आणि पावसाचं गोडं पाणी मिसळतं. चिखलात निवटे आणि चिंबोऱ्या राहतात, तिवरांच्या मुळांमध्ये माशांची पिल्लं वाढतात. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली, की पाणी पसरायला हीच जागा लागते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीकाठच्या दलदलीवर टाकलेल्या भरावांची किंमत शहराला कळली.

आता दुसरा मुद्दा. खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्याची मासळी कमी झाली, तर चंद्रपूरच्या झाडाने त्याला काय मिळालं? ते झाड चांगलंच आहे, जरूर लावा. पण ते वेगळं सत्कृत्य झालं. एकाचं कर्ज बुडवून दुसऱ्याला दान दिलं, तर दान खरं असतं, पण कर्ज फिटत नाही.

आणि रस्त्याची गरज? तीही खोटी नाही. लिंक रोडवर ॲम्ब्युलन्स अडकते, तेव्हा आतल्या पेशंटला निवट्यांचं महत्त्व सांगणं क्रूर आहे. कुठलंही नुकसान कधीच करू नये, असं मी म्हणत नाही. कांदळवनं तोडणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं उच्च न्यायालयानेच २०१८मध्ये म्हटलं होतं. तरी सार्वजनिक हितासाठी अपवादाची वाट ठेवली होती.

माझा आक्षेप ‘भरपाई’ या शब्दाला आहे, कारण तो अपवाद स्वस्त करून टाकतो. सगळं भरून निघणार असेल, तर दुसरा मार्ग शोधायची तसदी कोण घेईल? सार्वजनिक हित म्हणजे कोणाचं, हे तरी कोण विचारेल? दक्षिण मुंबईत आधीच झालेल्या सागरी मार्गावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. लोकलला लटकणाऱ्याचा वेळ नव्या रस्त्याने किती वाचेल? आणि पूर आला, तर आधी पाणी कुणाच्या घरात शिरेल? रस्त्याचा फायदा आणि खाडीचा तोटा वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येत असेल, तर बेरीज-वजाबाकी एकाच वहीत मांडणं हीच फसवणूक आहे.

म्हणून निदान नाव तरी खरं द्यावं. ‘हे भरून न येणारं नुकसान आहे, ते अमुक लोकांचं होणार आहे, आणि तरीही आम्ही ते करतोय,’ असं परवानगीच्या अर्जात लिहायला लागलं पाहिजे. हे वाक्य लिहिताना ज्याचा हात थांबेल, तो नकाशा पुन्हा एकदा उघडून बघेल. त्यानंतरही रस्ता तिथूनच न्यावा लागला, तर ज्यांचं गेलं त्यांचं देणं बाकी राहील. शंभर हेक्टर झाडं लावूनही ते बाकीच राहील.