परक्याचा मळ

पंजाबातील कपूरथळा जिल्ह्यात सुलतानपूर लोधी हे जुने नगर आहे. गुरू नानकांच्या तारुण्याचा काही काळ येथे गेला. दौलतखान लोदीच्या धान्यकोठाराचा हिशेब ते पाहत असत. जवळून वाहणाऱ्या बेईं नदीत एका पहाटे ते स्नानासाठी उतरले, तीन दिवस दिसेनासे झाले आणि बाहेर आले ते हिंदू-मुसलमान हा भेद ओलांडणारे वचन ओठांवर घेऊनच, असे जनमसाखींची परंपरा सांगते. एका धर्माच्या आरंभाची कथा अशा रीतीने एका नदीच्या पाण्याशी जोडली गेली. तीच काळी बेईं विसाव्या शतकाच्या अखेरीस सांडपाण्याचा प्रवाह होऊन बसली होती. होशियारपूर जिल्ह्यातील धनोआ गावाजवळ उगम पावून सुमारे १६० किलोमीटरांचा प्रवास करीत ती हरिके येथे बियास-सतलजच्या संगमापाशी पोचते. वाटेतल्या सहा शहरांची आणि चाळीसहून अधिक गावांची घाण तिच्या पोटात जात होती. पात्र जलपर्णीने इतके माजले होते की कित्येक ठिकाणी तेथे नदी आहे हे ओळखणेही कठीण झाले होते. भाविकांचे येणे मात्र थांबले नव्हते. घाटावर माथा टेकणारे आणि नदीत गटार सोडणारे लोक वेगवेगळे होते असेही नव्हे.

जुलै २००० मध्ये संत बलबीरसिंग सीचेवाल आपल्या अनुयायांसह या पात्रात उतरले. जवळच्या सीचेवाल गावचे हे साधू. शासकीय योजनेची वाट न पाहता हातांनी जलपर्णी उपटणे, गाळ काढणे, काठ बांधणे, रस्ता आणि घाट तयार करणे असे काम वर्षानुवर्षे चालले. गावोगावचे लोक पाळीपाळीने येत, श्रम करीत, लंगरात जेवत आणि परत जात. पुढे वरच्या अंगाच्या कालव्यातून पाणी सोडले गेले आणि नदी वाहू लागली. २००६ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम ती पाहण्यास गेले. २०१७ मध्ये सीचेवालांना पद्मश्री मिळाली, २०२२ मध्ये ते राज्यसभेचे सदस्य झाले. लोकांनी स्वतःच्या श्रमाने नदी सावरल्याच्या घटना आपल्या देशात थोड्या नाहीत. पण काळ्या बेईंची हकिगत एका नैतिक प्रश्नाच्या मुळाशी नेते म्हणून तिच्यापाशी थांबणे आवश्यक ठरते. ज्याने घाण केली त्याने ती काढावी हा न्याय आहे. मग ज्याने ती केली नाही त्याने पाण्यात का उतरावे? आणि तो उतरला, तर त्याच्या कृतीने न्यायाला मदत होते की न्याय लांबणीवर पडतो?

हा प्रश्न तात्त्विक खेळ म्हणून विचारलेला नाही. १९७४ साली देशात जलप्रदूषण रोखण्याचा कायदा झाला. प्रदूषण करणाऱ्याने त्याची किंमत मोजावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आपल्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केले. दुसऱ्या बाजूला, १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत नद्या-सरोवरांच्या रक्षणाचा समावेश केला. म्हणजे एका हाताने दोषीला दंड करावयाचा आणि दुसऱ्या हाताने निर्दोषाला कर्तव्य सांगावयाचे, अशी ही रचना आहे. त्यांत तर्कदृष्ट्या विसंगती नाही. व्यवहारात मात्र दंड वसूल होत नाही आणि कर्तव्याचे फलक लागतात. रविवारी सकाळी हातमोजे घालून नदीकाठी प्लास्टिक वेचणाऱ्या स्वयंसेवकांचे छायाचित्र ज्या वृत्तपत्रात छापून येते, त्याच शहराचे मैलापाणी त्या दिवशीही प्रक्रियेविना त्याच नदीत जात असते. अशा वेळी त्या स्वयंसेवकाची सद्भावना कोणाच्या कामी येते, याचा विचार त्याने स्वतःही करावयास हवा.

सेवेच्या कल्पनेला हा हिशेब मान्य नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ‘कारसेवा’ हा शब्द मराठी वाचकाच्या कानावर १९९२ च्या आसपास एका निराळ्याच, उद्ध्वस्त करणाऱ्या प्रसंगामुळे पडला. पंजाबात त्याचा अर्थ फार जुना आणि साधा आहे. अमृतसरच्या सरोवरातील गाळ काढण्यासाठी १९२३ मध्ये आणि पुन्हा १९७३ मध्ये जी कारसेवा झाली, तिच्यात श्रीमंत-गरीब, जमीनदार-कूळ एकाच रांगेत डोक्यावर टोपली घेऊन उभे राहिले. गुरुद्वारात येणाऱ्यांचे जोडे पुसण्याचे काम प्रतिष्ठित माणसे आवडीने करतात. तेथे जोडा कोणाचा, त्यावरची धूळ कोठली, हे विचारणे म्हणजेच सेवेला बाध आणणे होय. मळ परक्याचा आहे, ही जाणीव जिथे पुसली जाते तिथे सेवा सुरू होते, असे त्या परंपरेचे म्हणणे थोडक्यात मांडता येईल. बेईंच्या काठी हीच वृत्ती सरोवराकडून नदीकडे आली. सरोवराला चार भिंती असतात आणि त्याचा सांभाळ करणारी संस्था असते. नदीला तसे काही नसते. म्हणून हे स्थलांतर वरवर पाहता लहान असले, तरी अर्थाच्या दृष्टीने मोठे आहे. देवस्थानाच्या आवारातील स्वच्छता आवाराबाहेर, सार्वजनिक आणि बेवारस झालेल्या जागेत गेली.

नदीची पवित्रता आणि तिची स्वच्छता या दोन कल्पना आपल्याकडे एकमेकींपासून किती दूर राहिल्या आहेत, हे काशीत अधिक स्पष्ट दिसते. गंगा स्वतःच पापनाशिनी. तिला मळ लागेल कसा, अशी श्रद्धा मनात असलेल्या माणसाला पाण्यातील जंतूंचे प्रमाण सांगून काही उपयोग होत नाही. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे काशी हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. १९८२ मध्ये त्यांनी गंगेच्या स्वच्छतेसाठी संस्था स्थापन केली. शासनाची गंगा कृती योजना त्यानंतर, १९८६ मध्ये आली. २०१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांना या दोन भाषांमध्ये ये-जा करावी लागली: ज्या पाण्यात ते नित्य स्नान करीत, त्याच पाण्याचे नमुने त्यांची प्रयोगशाळा तपासत असे. मराठीला या द्वैताचा अनुभव आहेच. देवाला वाहून उतरलेल्या फुलांना आपण ‘निर्माल्य’ म्हणतो. त्या शब्दाच्या पोटात ‘निर्मल’ आहे. तेच निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसह पुलावरून नदीत भिरकावले जाते, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ते काढण्यासाठी तरुण मुलेमुली गुडघाभर पाण्यात उतरतात. टाकणाऱ्याच्या लेखी तो मळ नव्हताच. काढणाऱ्याने त्याला मळ म्हणावे की नाही, हा पेच शब्दाचा दिसतो. पण टाकणाऱ्याला जाब विचारता येईल की नाही, हे त्याच्यावरच अवलंबून आहे.

आपल्या समाजात मळ काढण्याच्या कामाला आणखी एक इतिहास आहे, आणि त्याला वगळून सेवेची चर्चा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुसऱ्याची घाण काढणे हे येथे शतकानुशतके काही जातींच्या कपाळी लिहिले गेले. त्यांनी ते स्वेच्छेने पत्करले नव्हते आणि त्यांना कोणी सेवक म्हणून वंदनही केले नाही. हाताने मैला उपसण्यास बंदी करणारे कायदे १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये करावे लागले, तरी भूमिगत गटारात उतरून गुदमरून मरणाऱ्या माणसांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. नदीत उतरलेला स्वयंसेवक आणि गटारात उतरलेला सफाई कामगार हे दोघे कदाचित एकाच पाण्यात उभे असतात. पहिला संध्याकाळी आंघोळ करून आपल्या जागी परत जाऊ शकतो. दुसऱ्याला परत जाण्यासाठी निराळी जागा समाजाने ठेवलेली नाही. पहिल्याच्या कृतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु त्याला मिळणारा आदर हा अंशतः त्याच्या निवडीच्या स्वातंत्र्याचा आदर असतो, श्रमाचा नव्हे.

या दृष्टीने गाडगेबाबांचे उदाहरण फार बोलके आहे. परीट कुळात जन्मलेला, कपडे धुणे हे ज्याच्या जातीचे काम ठरलेले, असा हा माणूस खराटा घेऊन गावात शिरे आणि कोणी बोलावले नसताना रस्ते झाडू लागे. विदर्भात पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे यात्रेकरूंच्या सोयीसाठी घाट व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली. पाया पडू पाहणाऱ्याला ते पाया पडू देत नसत. दिवसा झाडलेल्या त्याच गावात रात्री कीर्तन होई, आणि ते कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती असे. देव कोठे आहे, नवसाला कोंबडे का मारता, कर्ज काढून सण का करता, पोराला शाळेत का घालत नाही. श्रोत्यांनी उत्तर द्यावयाचे आणि स्वतःच्याच उत्तरात अडकावयाचे. त्यांच्या चरित्रकारांनी खराट्याचे वर्णन पुष्कळ केले. परंतु सकाळचा खराटा आणि रात्रीचा प्रश्न यांचा जोड त्या मानाने दुर्लक्षित राहिला. ज्याने अंगण झाडले त्याला घरमालकाला बोलण्याचा अधिकार आला होता, आणि तो अधिकार बाबांनी वापरला. नुसते झाडून ते पुढच्या गावी गेले असते, तर महाराष्ट्राला एक विनावेतन झाडूवाला मिळाला असता, इतकेच.

सीचेवालांच्या कार्यातही प्रश्नाची ही बाजू आहे, ती लंगर आणि घाट यांच्या छायाचित्रांत दिसत नाही. नदीतली घाण उपसणे पुरेसे नाही, ती येते कोठून ते पाहिले पाहिजे, हे त्यांना लवकर कळले. त्यांनी गावांसाठी स्वस्त अशी एक पद्धत उभी केली: सांडपाणी जमिनीखालच्या नळांतून तळ्याकडे न्यावयाचे, तेथे ते निवळू द्यावयाचे आणि शेताला द्यावयाचे. गटार नदीत का सोडता, असे विचारताना गावाला दुसरा मार्गही हाती दिला. तरीही नंतरच्या वर्षांत बेईंमध्ये मेलेले मासे तरंगताना दिसले. सेवेला विश्रांती नसते, कारण मळ करणाऱ्याला ती नसते.

लुधियान्याला हाच प्रश्न अधिक उग्र रूपात समोर येतो. शहरातून वाहत जाऊन सतलजला मिळणाऱ्या प्रवाहाला सरकारी कागदांत ‘बुड्ढा नाला’ म्हणत आले. लोक आता आग्रहाने ‘बुड्ढा दर्या’ म्हणतात. मराठीत दर्या म्हणजे समुद्र, पंजाबीत नदी. नाला म्हटले की घाण टाकण्याची मुभा आपोआप मिळते. म्हणून नावाचा हा आग्रह केवळ भाषिक नाही. डेअऱ्यांचे शेण, शहराचे मैलापाणी आणि कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचे रंगीत पाणी या दर्यात उतरते. सीचेवालांनी येथेही कारसेवा सुरू केली. दुसरीकडे, डिसेंबर २०२४ मध्ये ‘काले पानी दा मोर्चा’ या नावाने एकत्र आलेले लोक कारखान्यांच्या सांडपाण्याची तोंडेच बुजवण्यास निघाले आणि त्यांना पोलिसांनी अडवले. कारखान्यांतील कामगारांची रोजी बुडेल, असा प्रतिवाद झाला, आणि तो खोटा नव्हता. एका हातात फावडे आणि दुसऱ्या हातात बूच, असे हे दोन मार्ग. फावडेवाल्याचे सर्वत्र स्वागत होते; बूचवाला शांतता भंग करणारा ठरतो. ज्या समाजात सेवा निर्वेध चालते आणि प्रश्नाला मात्र पोलीस बंदोबस्त लागतो, तेथे सेवेने आपल्या लोकप्रियतेविषयी थोडे साशंक असणे बरे.

परंतु येथे ‘ज्याने घाण केली तो’ हा शब्दप्रयोगही आता तपासून पाहिला पाहिजे. लुधियान्याच्या लोकरी कपड्यांना देशभर बाजार आहे. नागपूर-पुण्याच्या हिवाळ्यात पदपथावर मांडलेल्या स्वेटरांच्या ढिगातही ते सापडतील. त्या स्वेटराचा गर्द निळा रंग ज्या पाण्यात पक्का झाला ते पाणी कोठे गेले, हे घेणाऱ्याला माहीत नसते आणि ते माहीत नसणे हीच त्या स्वस्ताईची एक अट असते. कारखानदाराचा दोष याने कमी होत नाही. दोष आणि दायित्व या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढे मात्र त्यावरून कळते. दोष मोजता येतो, सिद्ध करता येतो, त्याला दंड सांगता येतो. दायित्व लाभाच्या वाटेने पसरते आणि ज्याने कधी सतलज पाहिली नाही त्याच्यापर्यंतही पोचते. पाण्यात उतरलेला स्वयंसेवक कदाचित परक्याचा मळ काढतच नसतो.

राजस्थानातील अरवरी नदीच्या खोऱ्यात ही जाणीव एका वेगळ्या वळणाने प्रकट झाली. तेथे प्रश्न घाणीचा नव्हता. नदीच आटली होती. १९८५ नंतर अलवर जिल्ह्यात तरुण भारत संघ आणि राजेंद्रसिंह यांच्याबरोबर गावकऱ्यांनी जोहड व बंधारे बांधले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास अरवरी पुन्हा बारमाही वाहू लागली. पाणी आले, मासे आले, आणि शासनाने १९९६ मध्ये मासेमारीचा ठेका देऊन टाकला. गावकऱ्यांनी विरोध केला. मासे आम्हाला हवेत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ते कोणीच धरू नयेत, असे होते. ठेका रद्द झाला. दशकाच्या अखेरीस सुमारे सत्तर गावांच्या प्रतिनिधींची ‘अरवरी संसद’ स्थापन झाली, आणि तिने नियम केले ते प्रामुख्याने स्वतःवर: उसासारखी जास्त पाणी पिणारी पिके घ्यावयाची नाहीत, खोल विंधनविहिरी खणावयाच्या नाहीत. श्रम करणाऱ्याला हक्क मिळतो, ही आपली नेहमीची समजूत. येथे श्रम करणाऱ्यांनी त्या हक्काचा उपयोग स्वतःचे हात बांधून घेण्यासाठी केला. कायद्याच्या दृष्टीने त्या संसदेला काही स्थान नव्हते.

हरिकेला काळी बेईं आणि बुड्ढा दर्या या दोघींचे पाणी अखेर एकत्र येते. एक बियासच्या अंगाने, दुसरी सतलजमधून. तेथील बंधाऱ्यातून निघालेला कालवा हे मिसळलेले पाणी दक्षिणेकडे राजस्थानच्या वाळवंटात, बिकानेर-जैसलमेरच्या गावांपर्यंत नेतो. ते तेथे शेताला दिले जाते आणि घरोघरी पिण्यासाठी भरले जाते. हंडा भरणाऱ्या बाईला त्यातले कोणते पाणी सेवेकऱ्यांनी निवळलेले आणि कोणते कारखान्यातून आलेले, हे वेगळे करता येत नाही.