पुण्य की उसनं?

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात अख्खा तलाव खणवला. आम्हाला कंबर तलावातली (आताचा धर्मवीर संभाजी तलाव हो!) नुसती जलपर्णी उपसायची होती, तरी आधी पोहे लागले. पोरांना काठावर पुन्हा हिंडता-फिरता यावं म्हणून सारी गल्ली उतरली होती.

पहिल्याच हिसक्याला प्लॅस्टिकची पिशवी वर आली. आत कुजलेले हार, जुनी तसबीर. पिशवीवर आमच्याच वाण्याचं नाव! गेल्या दसऱ्याला मीच ती भक्तिभावानं सोडली होती.

“काका, पुण्याचं काम करताय!” शेजारचा पोरगा म्हणाला.

आता आपलीच घाण आपण काढली, तर ते पुण्य कसलं? उसनं फेडलं म्हणजे दान होतं का? पण हे त्याला सांगणार कोण! पिशवी गुपचूप पोत्यात कोंबली. फोटोवाला आला, तसा मात्र पुढे सरकलो.