ताट कोणाच्या हाती

डिसेंबरच्या रकान्यात तीन नावं होती आणि चौथ्या ओळीवर पेन्सिलीचं नुसतं टिंब.

वही मामांची. निवृत्त गुरुजींचं अक्षर, पट्टी ठेवून आखलेले रकाने. यवतमाळ जिल्ह्यात वणीकडच्या आमच्या लहानशा मंडळीचे ते बरीच वर्षं सेक्रेटरी आहेत. गेल्या वर्षी नवे पाळकसाहेब आले आणि त्यांनी एक गोष्ट बदलली. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं ताट आणि पेल्यांचा ट्रे फिरवायचं काम तोवर पंचांकडेच असे. ते आता प्रत्येक पूर्ण सभासदाकडे आळीपाळीनं जाईल, असं ठरलं. बाई असो, मजूर असो, परवा दृढीकरण झालेला पोरगा असो. मामांनी महिन्याला चार नावं अशी यादी केली आणि अकरा महिने ती बिनबोभाट चालली. एक नाव राहिलं.

ते नाव मी इथं लिहीत नाही. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. तरुणपणी तिला कुष्ठरोग झाला. लपवण्यात काही वर्षं गेली, मग नव्वदच्या सुमारास दोन वर्षं गोळ्या घेऊन ती बरी झाली. रोग गेला, पण तोवर नसा मेल्या होत्या. दोन्ही हातांची बोटं आत वळली, ती तशीच राहिली. मंडळीतली सगळी गीतं तिला तोंडपाठ आहेत, कारण पुस्तकाचं पान उलटणं तिला जमत नाही. ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते. तिथं बस असं तिला कोणी सांगितल्याचं कोणालाच आठवत नाही.

उद्या पहिला रविवार. मामी आत काळ्या मनुका उकळून रस गाळत होती. मामा ओसरीवर पावाच्या कडा काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे पाडत होते. मी वही उचलली.

"मामा, हे टिंब काय आहे?"

"टिंबच आहे." सुरी चालूच राहिली. "तीन घरं येऊन सांगून गेली. ताट तिच्या हाती दिलं तर आम्ही हात पुढे करणार नाही म्हणतात. घरात लहान लेकरं आहेत म्हणतात."

"तुम्ही काय म्हणालात?"

"सांगितलं सगळं. हा रोग शिवल्यानं असा लागत नाही, बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड द्यायची ताकद उपजतच असते, आणि औषध पुरं झालेल्या माणसापासून तर काहीच भीती नाही. १९८२ पासून जगभर एकाच वेळी दोन-तीन औषधं देतात, आता तर सहा महिने नाहीतर वर्षभरात उपचार संपतो. ऐकून घेतलं. मान हलवली. जाताना पुन्हा तेच बोलले."

"मग त्यांना जाऊ द्या."

मामांनी सुरी खाली ठेवली. "तू यवतमाळला राहतेस, तुला सोपं आहे. इथं तीस घरं आहेत. त्यातली तीन गेली म्हणजे दहावा हिस्सा गेला. आणि ते वाईट लोक नाहीत, पोरी. त्यातल्या एकानं मागच्या पावसाळ्यात स्वतःच्या बैलगाडीतून मावशीला दवाखान्यात नेलं होतं. गाडीत बसवलं, भाड्याचा रुपया घेतला नाही. पण तिच्या हातची भाकर म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. सर्वांना सामावून घ्यायचं म्हणतेस ना, मग ही भिणारी माणसंही त्या सर्वांतच येतात की नाही?"

याचं उत्तर माझ्याकडे लगेच नव्हतं. आजही मला तो प्रश्न खोटा वाटत नाही.

मामा पुढं म्हणाले, "करिंथच्या मंडळीत हाच घोळ होता. जेवायला एकत्र जमायचे, त्यात काही पोटभर खायचे आणि काही उपाशी राहायचे. पौलानं त्यांना एकमेकांसाठी थांबायला सांगितलं. मीही थांबून राहिलो. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं त्या माउलीनं सोवळं सांभाळलं. मग एकेक गोष्ट आपली आपणच सोडली. कोणी ओढून नेलं असतं तर त्या आल्या असत्या का? या तीन घरांना मी पाच वर्षं का देऊ नये?"

"लक्ष्मीबाई स्वतःचं ताट वेगळं घेत होत्या, मामा. दुसऱ्याच्या हातातलं काढून घेत नव्हत्या. त्या तीन घरांनी उद्या हात पुढे केला नाही, तर तो त्यांचा प्रश्न. त्यांच्यासाठी थांबू आपण, पाच काय, दहा वर्षं. पण ते थांबलेत म्हणून मावशीनंही थांबायचं हे कुठून आलं? आणि पौलानं थांबायला कोणाला सांगितलं? ज्यांच्या पुढ्यात जेवण होतं त्यांना. उपाशी माणसाला नाही."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. शेतातून कापूस वेचून आलेल्या बाया रस्त्यानं चालल्या होत्या. त्यातल्या एकीनं "सलाम, गुरुजी" म्हटलं, मामांनी हात वर केला.

मग त्यांनी मला वेगळीच गोष्ट सांगितली. यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. ती इथं असताना मामा तरुण होते, तिथल्या सभांना जात. तिथं त्यांनी फ्री मेथडिस्ट मंडळीच्या नावाचा अर्थ ऐकला. या जिल्ह्यात त्या मिशनचं काम जुनं आहे. आम्ही त्या पंथाचे नाही, पण त्या नावातला 'फ्री' शब्द कुठून आला हे मामांच्या डोक्यात कायमचं बसलं. अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्ये तेव्हा बाकं भाड्यानं दिली जात. पैसेवाल्यांची पुढची, गरिबांची मागची. बी. टी. रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी १८६० मध्ये वेगळी मंडळी काढली, तेव्हा गुलामगिरीला जसा विरोध केला तसाच बाकाच्या भाड्यालाही. बसायची जागा सगळ्यांना मोफत, हा त्या नावातला एक अर्थ.

"आपल्याकडे बाकाला भाडं कधीच नव्हतं," मामा म्हणाले. "तरी ती मागेच बसते. आता भाडं नसलेल्या बाकाचं भाडं कसं माफ करायचं, सांग."

मला वाटलं, आता मामा माझ्या बाजूला आले. पण खरी अडचण त्यांनी अजून सांगितलीच नव्हती.

"मला रोगाची भीती नाही आणि त्या घरांचीही तेवढी नाही. मला भीती तिची आहे. समज, उद्या ती ताट घेऊन निघाली. पहिल्या बाकापाशी गेली. एकानं हात मागे घेतला, दुसऱ्यानं खाली पाहिलं. सगळी मंडळी बघून राहिली. तो एक क्षण तिनं कसा सोसायचा? आपण सर्वसमावेशक आहोत हे दाखवायला मी त्या बाईला सगळ्यांच्या मध्ये उभी करू? जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला साहित्य संमेलन झालं, आठवतं? नयनतारा सहगलांचं निमंत्रण मागे घेतलं आणि उद्घाटनाला कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे उभ्या राहिल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. बोलल्या फार नेटानं. मी समोर बसून ऐकलं, डोळे भरून आले. पण घरी येताना मनात आलं, मंच एका दिवसाचा असतो. दुसऱ्या दिवशी गावात विधवा बाईला कोण कसं वागवतं ते मंचावरून ठरत नाही."

"म्हणूनच तर यादी चांगली आहे, मामा. यादीत सत्कार नाही. मावशीचा विशेष मान म्हणून ताट द्यायचं नाही, तिचा नंबर आला म्हणून द्यायचं. जून महिन्यात माझ्या मामेभावाचा आला होता, तसाच."

"आणि तिलाच नको असेल तर?"

"तुम्ही विचारलं?"

"विचारलं. दहाएक वर्षांपूर्वी, महिला मंडळाच्या कार्यक्रमात. ती म्हणाली, राहू द्या दादा."

"काय विचारलं होतं नेमकं?"

मामांनी आठवून पाहिलं. गुरुजी माणूस, शब्द आठवतात त्यांना. "म्हटलं होतं, बाई, तुम्हाला जमेल का?"

आम्ही दोघंही गप्प झालो. आतून मनुकांचा गोडसर वास येत होता. 'जमेल का' या प्रश्नात नको हे उत्तर आधीच घालून ठेवलेलं असतं, आणि चाळीस वर्षं शेवटच्या बाकावर बसलेलं माणूस ते बरोबर ओळखतं. तिच्या 'राहू द्या'चा मान राखायला हवा, हे खरं. पण ते 'राहू द्या' तिला शिकवलं कोणी, हेही पाहायला हवं. या दोन्हीतून वाट कशी काढायची ते मला तेव्हा कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की दहा वर्षांपूर्वीच्या एका उत्तरावर माणसाला कायमचं बसवून ठेवता येत नाही.

मी मामांना कायद्याची एक गोष्ट सांगितली, कारण ती मला फार लागली होती. ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. त्यात २००१ मध्ये सुधारणा झाली आणि जोडीदाराचा 'असाध्य' कुष्ठरोग हे घटस्फोटाचं एक कारण म्हणून घातलं गेलं. २००१ मध्ये! औषध येऊन अठरा-एकोणीस वर्षं झाली होती, मावशी बरी होऊन कामाला लागली होती. संसदेनं ते कारण काढून टाकलं २०१९ मध्ये, हिंदू विवाह कायद्यातलंही त्याच वेळी.

"म्हणजे रोग आधी बरा झाला, कायदा नंतर," मामा म्हणाले.

"आणि मंडळी?"

त्यांनी त्याला उत्तर दिलं नाही. उठून आत गेले आणि शास्त्र घेऊन आले. मला वाटलं मार्काचा पहिला अध्याय काढतील, जिथं येशू कुष्ठरोग्याला आधी हात लावतो आणि मग तो बरा होतो. माझी पिढी संडे स्कूलमध्ये तोच धडा शिकलेली. मामांनी काढलं लेवीय. ते पुस्तक मी नेहमी घाईनं उलटते. शुद्ध-अशुद्ध, डाग, सूज, भिंतीवरची आणि कापडावरचीसुद्धा बुरशी. त्यातले बरेच डाग आजच्या अर्थानं कुष्ठरोग नव्हेतच.

"तेरावा अध्याय सगळे वाचतात," मामा म्हणाले, "गावाबाहेर काढायचा. चौदावा कोणी वाचत नाही. तो परत आणायचा अध्याय आहे. त्यात बघ, याजक बरं करत नाही. माणूस आधीच बरा झालेला असतो. याजक छावणीबाहेर त्याच्याकडे जातो, पाहतो, आणि त्याला आत आणायचे विधी करतो. आठव्या दिवशी त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला बळीचं रक्त लावतो. आता आठवा अध्याय काढ. अहरोन आणि त्याच्या पोरांना याजक नेमताना काय केलं?"

मी वाचलं. उजव्या कानाची पाळी, उजव्या हाताचा अंगठा, उजव्या पायाचा अंगठा.

"तीच खूण," मामा म्हणाले. त्यांचा आवाज जरा बसला होता. "इतकी वर्षं वाचतो, पण हे दोन अध्याय मी कधी शेजारी ठेवले नव्हते. परत आलेल्या माणसाला नुसतं आत घेऊन मागच्या बाकावर बसवलं नाही. वेदीपाशी उभं राहणाऱ्याला जी खूण लावतात, ती त्याच्या अंगठ्याला लावली. आणि येशूनं त्या माणसाला काय सांगितलं? जा, याजकाला दाखव. डॉक्टरचं काम मावशीच्या बाबतीत तीस वर्षांपूर्वी संपलं. तिला बघायला छावणीबाहेर गेलं नाही ते आपण."

इथं मला आनंदवन आठवलं. वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोरा. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये तिथं उभं केलेलं काम केवढं मोठं आहे, ते आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. आमच्याच विदर्भात परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचा दवाखाना आहे. तिथं माणसं बरी झाली, स्वतःच्या हातांनी कमवू लागली. पण बरी झालेली प्रत्येक बाई आनंदवनात जात नाही. बहुतेक जणी आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत, आपल्याच मंडळीत परत येतात, आणि तिथली जागा त्यांना कुठली संस्था देऊ शकत नाही.

"ताट जड आहे," मामा एकदम म्हणाले.

"काय?"

"स्टीलचं आहे, कडा गुळगुळीत. वळलेल्या बोटांत राहणार नाही. 'जमेल का' मी उगाच नव्हतं विचारलं."

मी ताट उचललं. बोटं तळव्याकडे वळवून मुठी केल्या आणि दोन मुठींच्या मध्ये ताट धरून ओसरीवर चालू लागले. चार पावलांत ताट कललं. पावाचे तुकडे एका बाजूला घसरले, दोन खाली पडले. मावशी याच हातांनी विहिरीचं पाणी भरते. घागर ती कशी धरते ते मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

मामीनं दारातून पाहिलं. काही विचारलं नाही. आत जाऊन ती परडी घेऊन आली, बांबूची, उंच गोल कडीची, फुलं वेचायची. त्यात धुतलेलं पांढरं फडकं घातलं आणि कडी माझ्या कोपरापर्यंत सरकवली. मी पुन्हा मुठी वळवून चालले. परडी हलली नाही. माझ्या हातातून काही द्यायचंही नव्हतं, समोरचा वाकून आपला तुकडा आपण उचलू शकत होता.

"चाळीस वर्षं ताटच फिरवतो आपण," मामा म्हणाले. "हे कोणाच्या डोक्यात कसं नाही आलं?"

"हिशेब करणाऱ्यांच्या हाताची बोटं सरळ होती," मामी म्हणाली आणि रस उतू जाईल म्हणून आत गेली.

अंधार पडला होता. मामांनी दिवा लावला, वही जवळ ओढली, पेन्सिल हातात घेतली आणि तशीच धरून बसले. "आत्ता लिहिलं तर ते पुन्हा माझंच ठरवणं झालं."

"मग?"

"उद्या उपासनेआधी तिच्या घरी जाऊ. तूही चल, पण बोलायचं मी. परडी सोबत घेऊ." थोडा वेळ थांबून म्हणाले, "आणि तिला हेही सांगीन, की तीन घरं हात पुढे करणार नाहीत. न सांगता नेणं बरोबर नाही. हो म्हणाली तर पहिल्या बाकावर पहिला मी बसतो. नाही म्हणाली तर..."

"तर?"

"तर टिंब तसंच ठेवायचं. पुढच्या महिन्यात परत जायचं."

त्यांनी खाली पडलेले दोन तुकडे उचलले, फुंकर मारली, एक मला दिला आणि एक स्वतः खाल्ला.

"काहून गं," चावताना म्हणाले, "या वेळी तिला विचारायचं कसं?"

मी म्हटलं, "जानेवारीत पहिल्या चौघांना कसं विचारलं होतं?"

"विचारलं कुठं? सांगितलं होतं. तुमचा नंबर आहे म्हणून."

आणि मामा वहीकडे बघत राहिले.