पडद्यावरचा उजेड

चैत्रातली अमावास्या. भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी मामा-भाचे रात्री दोन वाजता ट्रायपॉड लावून उभे होते. दक्षिणेला वृश्चिक पुरता वर आला होता. लालसर ज्येष्ठा, खाली वळलेली नांगी, आणि तिच्या बाजूने धुरासारखी चढत गेलेली आकाशगंगा.

भाच्याने पहिला फोटो काढला. आयएसओ 800, दहा सेकंद. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तारे लखलखले आणि पोराला आभाळ ठेंगणं झालं.

"मामा, एका फटक्यात आला!" तो बॅग आवरायला लागला.

"हिस्टोग्राम बघितलास?"

"कशाला? डोळ्यांना दिसतंय की."

मामांनी बटण दाबून उजेडाचा तो आलेख काढून दिला. सगळा डोंगर डाव्या, काळोखाच्या भिंतीला चिकटलेला.

"अरे, तासभर अंधारात आहोत आपण. डोळे सरावलेत. आता त्यांना काजवाही दिवा वाटेल. पडदा तेवढा उजळ आहे, फोटो काळाच आहे."

नवख्यांचे रात्रीचे फोटो फसतात ते बरेचदा इथेच. भाच्याला मामांचं म्हणणं पटलं नाही. चिडून त्याने एक मिनिटाचं एक्सपोजर लावलं. उजेड भरपूर आला, पण मोठं करून पाहिलं तर ज्येष्ठेचा ठिपका तांदळाच्या दाण्यासारखा लांबलेला. पृथ्वी फिरतेच आहे, ती कॅमेऱ्यासाठी कशी थांबेल?

"तुझा कॅमेरा फुल फ्रेम, लेन्स 24 मिलिमीटरची. 500 ला 24 ने भाग, तेवढे सेकंद तारे लांबत नाहीत," मामा म्हणाले. "ढोबळ हिशेब आहे, पण चालतो."

वीस सेकंद. लेन्स 2.8 वर पूर्ण उघडी, आयएसओ 3200. डोंगर डावी भिंत सोडून आत सरकला. पडद्यावर मात्र आभाळ राखाडी, पांढुरकं दिसायला लागलं.

"हा तर बिघडलाय," भाचा पुटपुटला. तरी मामांच्या शब्दाखातर त्याने तसेच दहा फोटो घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी कॉम्प्युटरवर त्याने पहिला फोटो उघडला. जवळजवळ काळाकुट्ट. उजळवू गेला तर सावल्यांत रंगीत कणांचा नुसता सडा. मग त्याने तो 'बिघडलेला' उघडला. जरासा गडद केला, आणि आकाशगंगेच्या मधोमध धुळीचे काळे पट्टे उमटले, फाटे फुटलेल्या नदीसारखे. बराच वेळ तो काही बोलला नाही.

वैशाखातल्या अमावास्येला दोघे पुन्हा त्याच काठावर. सुरुवातीलाच भाच्याने पडद्याचा उजेड अगदी तळाला नेला. शटर मिटल्यावर चित्राकडे न बघता त्याने आलेख काढला आणि मामांपुढे धरला.