पुराव्याचा भार कोणावर?

जमिनीखालच्या खडकातून नैसर्गिक वायू काढण्याच्या ‘फ्रॅकिंग’ या पद्धतीला अमेरिकेच्या ईशान्य भागात २००८ नंतर जो विरोध झाला, त्याची नोंद बहुधा दूषित पाणी, पेटणारे नळ आणि आजारपणे यांच्या हिशेबात केली जाते. तो हिशेब खोटा नाही. परंतु तेवढ्यावरच थांबले, तर एकाच खडकावर वसलेल्या न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया या शेजारी राज्यांतील गावांच्या वाट्याला इतके वेगळे भवितव्य का आले, हे उलगडत नाही. त्यासाठी दोन प्रश्नांकडे वळावे लागते: अपाय होतो की नाही हे सिद्ध कोणी करायचे, आणि गावाच्या जमिनीवर काय चालावे हे ठरवायचे कोणी.

हा खडक म्हणजे मार्सेलस शेल. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला चिखल दाबला जाऊन जो पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक तयार होतो, त्याला शेल किंवा पंकाश्म म्हणतात. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत वायू अडकलेला असतो, पण ती छिद्रे एकमेकांना नीट जोडलेली नसल्याने साध्या विहिरीने तो वर येत नाही. म्हणून एक-दोन किलोमीटर खोल उभी विहीर खणून, पुढे ती आडवी वळवून त्याच थरातून लांबवर नेतात, आणि मग पाणी, वाळू व रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने आत सोडून खडकाला भेगा पाडतात. वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत आणि वायूला वाट मिळते. एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी सहज लागते. रसायनांचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास असते असे कंपन्या सांगत, आणि ते साधारण बरोबरही होते. मात्र दोन कोटी लिटरांतला शेकडा एक म्हणजे दोन लाख लिटर होतात. शिवाय जे पाणी परत वर येते, त्यात खोल खडकातले क्षार आणि रेडियमसारखी किरणोत्सारी द्रव्येही उतरलेली असतात.

पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना काउंटीत डिमॉक नावाचे छोटे गाव आहे. तेथे नळयोजना नव्हती. जो तो आपल्या अंगणातल्या कूपनलिकेचे पाणी पीत असे. १ जानेवारी २००९ रोजी अशाच एका कूपनलिकेत साठलेल्या मिथेनचा स्फोट झाला आणि तिच्यावरचे काँक्रीटचे जाड झाकण फुटून गेले. आसपासच्या घरांत पाणी गढूळ येऊ लागल्याच्या आणि त्यातून बुडबुडे निघत असल्याच्या तक्रारी होत्याच. वायूच्या विहिरीची पोलादी नळी आणि भोवतालचा खडक यांमधली पोकळी सिमेंटने नीट बुजवली नाही, तर वायू त्या फटीने वरच्या भूजलात शिरतो. राज्याच्या पर्यावरण खात्याने सदोष विहिरींचा ठपका ठेवून तेथे वायू काढणाऱ्या कॅबॉट ऑइल अँड गॅस या कंपनीला जबाबदार धरले. कंपनीचे म्हणणे असे की, या भागातल्या भूजलात मिथेन पूर्वापार आहे. काही कूपनलिकांच्या बाबतीत ते खरेही होते, आणि येथेच गावकऱ्यांची कोंडी झाली, कारण खोदकाम सुरू होण्यापूर्वी आपल्या पाण्यात काय होते याची प्रयोगशाळेतली नोंद फारच थोड्या घरांत होती. आजोबांच्या काळापासून पाणी गोड होते, ही आठवण म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा मिळू नये अशीच जणू एकूण व्यवस्था होती. २००५ च्या केंद्रीय ऊर्जा कायद्याने फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षेसाठी असलेल्या कायद्याच्या भूगर्भीय नियंत्रणातून, डिझेलच्या वापराचा अपवाद सोडता, वगळले होते. मिश्रणात नेमकी कोणती रसायने आहेत, हे व्यापारी गुपित म्हणून झाकून ठेवता येत असे. ज्या कुटुंबांशी कंपन्या तडजोड करीत, त्यांच्याकडून बहुधा वाच्यता न करण्याचा करार लिहून घेतला जाई, त्यामुळे जिथे अपाय झाल्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमकी तिथलीच माहिती सार्वजनिक चर्चेतून नाहीशी होई. एवढे झाल्यावर ‘अपायाचा ठोस पुरावा कुठे आहे?’ असे विचारणे न्यायाला धरून नव्हते. केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या अहवालाच्या २०१५ मधील मसुद्यात पेयजलावर व्यापक परिणाम झाल्याचे आढळले नाही असे वाक्य होते. २०१६ च्या अंतिम अहवालातून ते गळले, कारण तसा देशव्यापी निष्कर्ष काढण्याइतकी माहितीच हाती नव्हती, आणि काही परिस्थितींत पाण्यावर परिणाम होऊ शकतो व झालाही आहे, असे त्यात नोंदले गेले. डिमॉकच्या प्रकरणात तर कंपनीच्या उत्तराधिकारी कंपनीने आरोप लढवणार नाही अशी कबुली न्यायालयात देऊन, गावाला नळाचे पाणी देण्यासाठी सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर मोजण्याचे मान्य केले ते नोव्हेंबर २०२२ मध्ये. स्फोटाला तेव्हा चौदा वर्षे होत आली होती. एवढ्या काळात शाळेत जाणारे मूल मोठे होऊन गाव सोडून जाते.

न्यूयॉर्क राज्यात विरोधकांनी वेगळी वाट धरली. तेथे २००८ पासून परवाने रोखून धरलेले असले, तरी कंपन्यांचे भाडेपट्टे धडाक्याने होत होते. अमेरिकेत जमिनीखालचे खनिज सामान्यतः जमीनमालकाचे असते, सरकारचे नव्हे. त्यामुळे कंपनी घरोघर जाऊन करार करते, आणि एका शेताला रॉयल्टी मिळते तेव्हा शेजारच्या शेताला फक्त ट्रकची धूळ मिळते. त्यावर आणखी एक तरतूद अशी की, ठरलेल्या क्षेत्रापैकी शेकडा साठ जमीन कंपनीच्या ताब्यात आली, की उरलेल्या नकार देणाऱ्यांचे खनिजही सक्तीने त्यात सामील करता येई. खासगी मालमत्तेची एवढी महती सांगणाऱ्या देशात नकाराचा हक्क इतका स्वस्त असावा, ही गोष्ट अनेक गावकऱ्यांना प्रथमच कळत होती.

ड्रायडन या गावात सुमारे २२ हजार एकर जमीन भाडेपट्ट्यांखाली गेलेली होती. वायूउद्योगाच्या नियमनाविषयी स्थानिक संस्थांनी कायदे करू नयेत, असे राज्याच्या कायद्यात स्पष्ट लिहिले होते, आणि बहुतेक वकील तेवढे वाचून थांबत. हेलन आणि डेव्हिड स्लॉटजे या वकील दांपत्याने तेच कलम पुन्हा वाचले. उद्योग कसा चालवावा हे ठरवणे म्हणजे नियमन. तो कोठे चालावा किंवा चालू नये हे ठरवणे म्हणजे भू-वापराचे नियोजन, आणि ते तर गावांचे जुने काम. निवासी भागात कारखाना नको असे म्हणता येते, तर गावाच्या हद्दीत वायूची विहीर नको असेही म्हणता आले पाहिजे. या आधारावर ड्रायडनच्या मंडळाने ऑगस्ट २०११ मध्ये आपल्या नियमावलीत बंदी घातली, कंपनी न्यायालयात गेली, आणि ३० जून २०१४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने पाच विरुद्ध दोन मतांनी गावाच्या बाजूने निकाल दिला. गावाला रसायनशास्त्रातले काहीही सिद्ध करावे लागले नाही. आपल्याला कसे गाव हवे, एवढेच सांगायचे होते.

त्याच निकालात मिडलफील्ड गावाचाही खटला होता, आणि तेथे गावाविरुद्ध उभा होता तो भाडेपट्टा केलेला एक दुग्धव्यवसाय. ही बाब नजरेआड करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दुधाचा भाव पडलेला, डोक्यावर कर्ज, आणि दारात एकरी रोख रक्कम देणारा माणूस, अशा वेळी सही करणाऱ्या शेतकऱ्याला लोभी म्हणण्याचा अधिकार पगारावर जगणाऱ्या शहरी विरोधकांना नव्हता. चळवळीतल्या काहींनी ती भाषा वापरली आणि त्यामुळे गावागावांत जी तेढ उरली, ती निकालाने मिटली नाही.

१७ डिसेंबर २०१४ रोजी राज्याचे प्रभारी आरोग्य आयुक्त हॉवर्ड झकर यांनी उपलब्ध संशोधन मांडले, तेव्हा फ्रॅकिंग घातक असल्याचे निर्विवाद सिद्ध झाले आहे असा दावा त्यांनी केला नाही. सुरक्षिततेची खात्री देता येण्याजोगे ज्ञान नाही, आणि आपल्या कुटुंबाला अशा ठिकाणी राहू देणार नाही, असे त्यांनी सांगितले, आणि गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो यांच्या सरकारने बंदी जाहीर केली. पुराव्याचा भार डिमॉकच्या रहिवाशांच्या खांद्यावर होता, तो येथे उद्योगाच्या खांद्यावर गेला. अज्ञान हे पुढे जाण्याचे कारण न ठरता थांबण्याचे कारण ठरले, ही या विरोधाची खरी कमाई होय. ती सर्वत्र टिकली नाही. टेक्सासमधील डेंटन शहराच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये बंदीच्या बाजूने स्पष्ट कौल दिला, आणि मे २०१५ मध्ये राज्याने कायदा करून अशा बंदीचा अधिकारच शहरांकडून काढून घेतला.

न्यूयॉर्कच्या विजयालाही एक उणी बाजू आहे. राज्याने फ्रॅकिंगने वायू काढणे रोखले, वायू जाळणे नव्हे. घरे तापवण्यासाठी आणि विजेसाठी लागणारा वायू मोठ्या प्रमाणात पेनसिल्व्हेनियातूनच येत राहिला. आपल्या अंगणाला नकार देण्याचा हक्क मोलाचा आहे, पण तो बजावल्यावर दुसऱ्याच्या अंगणाची जबाबदारी संपते असे नाही. हा धागा थेट कोकणापर्यंत येतो. लुईझियानातील सबाइन पास बंदरातून निघालेला द्रवरूप वायू, वीस वर्षांच्या करारानुसार, गेल या भारतीय वायू कंपनीने मार्च २०१८ अखेरीस दाभोळला उतरवून घेतला. अमेरिका वायू निर्यात करू शकते ती प्रामुख्याने शेल खडकांच्या बळावर, आणि निर्यात बंदरात अनेक खोऱ्यांचा वायू वाहिन्यांतून एकत्र होत असल्याने कोणत्या टाकीत कोणत्या गावाखालचा वायू आहे, हे सांगण्याची सोय नसते. जेथे तो उतरला, त्या गुहागर तालुक्यातल्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकात एन्रॉनच्या वीजप्रकल्पाला विरोध करताना आपल्या गोड्या पाण्याचे आणि खाडीतल्या मासळीचे काय होणार, असेच विचारले होते.