वयांत आलेलें अपत्य आणि आईबापांचें कर्तव्य

सोळावें वर्ष लागलें कीं पुत्राशीं मित्राप्रमाणें वागावें, असें सुभाषितकार सांगतो. परंतु तोच मित्र पुढें दारूच्या पाशांत सांपडला, किंवा त्याचें मन ताळ्यावर राहिलें नाहीं, म्हणजे काय करावें, याविषयीं तो मौन धरतो. लहान मुलाला आज्ञा करतां येते. प्रौढाला येत नाहीं. अशा वेळीं आईबापांना सामान्यतः दोनच वाटा दिसतात. कर्जें फेडून त्याचे दोष झांकावे, किंवा 'तूं आमचा नव्हेस' म्हणून दार लावून घ्यावें. यांवांचून तिसरी वाट आहे काय?

महात्मा गांधी आणि त्यांचे ज्येष्ठ पुत्र हरिलाल यांची कथा अजित दळवी यांच्या 'गांधी विरुद्ध गांधी' या नाटकामुळें मराठी प्रेक्षकांस परिचित आहे. हरिलाल १९११ सालीं पित्यापासून दुरावले. १९१८ मध्यें पत्नी वारल्यावर व्यसन आणि कर्ज यांनीं त्यांना ग्रासलें. त्यांच्या व्यापारासंबंधीं तक्रार आली तेव्हां १९२५ सालीं गांधीजींनीं 'यंग इंडिया'मधून आपला त्या व्यवहाराशीं संबंध नसल्याचें जाहीर केलें. ज्यांचे पैसे गुंतले होते त्यांच्या दृष्टीनें तें न्याय्यच होतें. कस्तूरबांनींही १९३६ सालीं उघड पत्र लिहून मुलाला खडसावलें. तथापि हेच हरिलाल एकदां कटनी स्टेशनावर आईच्या नांवाचा जयघोष करीत आले आणि एक संत्रें त्यांच्या हातीं ठेवून गेले, अशी आठवण सांगतात. आईनें दोषावर पांघरूण घातलें नव्हतें, तरी तिच्याकडे येण्याची वाट मुलाला मोकळी होती. १९४४ सालीं पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्यें त्या मृत्युशय्येवर असतां हरिलाल आले; पण पिऊन आले. पित्यामागून पांच महिन्यांच्या आंत, जून १९४८ मध्यें, मुंबईंत त्यांचा अंत झाला.

मग मोकळ्या वाटेचा उपयोग काय, असें कोणी विचारील. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी: त्या काळीं व्यसनाकडे बहुधा पाप म्हणून पाहिलें जाई. डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानें १९८६ सालीं पुण्यांत निघालेल्या 'मुक्तांगण'नें तें आजार मानलें, आणि उपचारांत कुटुंबालाही सामील करून घेतलें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें, आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वांचविलें. शिवाय आजारी प्रौढाला आपला प्रतिनिधि स्वतः निवडण्याचा हक्क दिला. म्हणजे बापाची सत्ता कायद्यानेंही मर्यादित केली. त्याचें सोबत करण्याचें काम मात्र तसेंच राहिलें.

हें शहरांतील वाचकाला पटणें सोपें आहे. परंतु सरदार सरोवराच्या पाण्यानें महाराष्ट्रांत ज्याला प्रथम गांठलें, त्या नर्मदाकांठच्या मणिबेलींतील बापाला जिल्ह्याचें रुग्णालय सातपुड्याच्या पलीकडे आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें सल्ला मिळतो खरा; पण जेथें उपचार दूर आहे तेथें केवळ आईबापांच्या धीराची स्तुति करून समाजाला मोकळें होतां येणार नाहीं.

तिसरी वाट आहे, ती अशी. पैसे देऊं नयेत, पण जेवायला वाढावें. खोटें बोलून त्याची अब्रू राखूं नये, पण त्याच्याबरोबर वैद्याकडे जावें. जीवाला धोका दिसला तर रागलोभ बाजूस ठेवून तत्काळ मदत आणावी. एवढें करूनही मूल वांचेलच असें नाहीं. कस्तूरबांना यश आलें नाहीं. म्हणून त्यांचें मातृत्व उणें ठरत नाहीं. फळ आपल्या हातीं नसलें, तरी हांक आली असतां ओ देणें आपल्या हातीं असतें.